नवे लायनर

शंकरनगरच्या चौकात फटफटी थांबली नाही. झालं ते एवढंच. ऑफिसची वेळ, समोर सायकलरिक्षा उभी. कृष्णकांतनं पाय दाबला, ब्रेक खाली गेला, नीट टेकला, आणि चाकाला त्याचं काहीच वाटलं नाही. मग हातातला ब्रेक. तोही तसाच. फटफटी आपल्या मर्जीनं, अगदी सावकाश सरकत राहिली आणि रिक्षाच्या मागच्या पत्र्याला जाऊन टेकली. आवाजसुद्धा धड झाला नाही. रिक्षातल्या बाईनं मांडीवरची कोहळ्याची फोड सावरली, मागं वळून पाहिलं आणि म्हणाली, "डोळे घरी ठेवून आले का भाऊ?" रिक्षावाला उतरून पत्रा पाहून गेला. "ब्रेक नहीं है क्या, बाबूजी?" हे त्यानं रागानं नव्हे, चौकशी म्हणून विचारलं. दोघं निघूनही गेले. कृष्णकांतनं फटफटी कडेला घेतली आणि रुमालानं मान पुसली. माणसाच्या चालीनं जाणारी गाडी रिक्षाला टेकते, एवढ्याशा गोष्टीनं घाम फुटायचं काही कारण नव्हतं. पण पायाला जे कळलं होतं ते भलतंच होतं. दाबतोय, टेकलंय, आणि पुढं काहीच नाही. थोरल्या भावाच्या, गिरिधरच्या, पायाला शेवटी जे कळलं असेल ते हेच.

तो ऑफिसला गेला नाही. फटफटी ढकलत प्रताप नगरला परत निघाला. ऊन चढलं होतं, आणि ओळखीचा एखादा दिसलाच तर काय सांगायचं याची जुळवाजुळव तो उगाचच करत होता. वर्षभर ही गाडी मागच्या टिनाखाली जुनी सतरंजी पांघरून उभी होती. गेल्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काटोल रोडवर, एका पुलियाच्या वळणावर, ती सरळ निघून गेली. गिरिधर उडाला तो पुलियाच्या दगडावर, आणि फटफटी पऱ्हाटीत, कापसाच्या उभ्या शेतात, जाऊन आडवी झाली. तिला ओरखडासुद्धा आला नव्हता, म्हणून ती कुणी उघडून पाहिली नाही. घरी आणून सोडणारा हवालदार तर म्हणाला होता, गाडी एकदम चांगली हाय, पाण्यानं धुऊन घ्या फक्त. आई गाडीला हात लावू देईना, वडील, म्हणजे नाना, ती विकू देईनात. यंदा नवरात्र बसलं तसे नानाच म्हणाले, "वस्तू पडून राहिली का मरते. चालव लेका तू." म्हणजे नोकरदार कृष्णकांतनं, ज्याला भावाच्या मागं बसून जायची सवय, त्यानं ती चालवावी असं ठरलं. आजचा तिसरा की चौथा फेरा. आतापर्यंतचे रस्ते मोकळे होते, जोरात ब्रेक मारायची वेळच आली नव्हती.

या वर्षभरात घरात गिरिधरच्या मरणावर कुणी समोरासमोर बोललं नव्हतं, आणि दुसऱ्या कशावरही बोललं नव्हतं. नानांचं म्हणणं पक्कं होतं. ते भिंतीकडं पाहून म्हणायचे, "पळवली असंन. घरातून निघतानाच डोकं फिरलं होतं त्याचं." भिंतीच्या पलीकडं स्वयंपाकघरात गिरिधरची बायको लतिका असायची. घरातून निघताना काय झालं ते सगळ्यांना ठाऊक होतं. गिरिधर पंपांच्या दुरुस्तीची कामं करायचा, नरखेड तालुक्यातल्या संत्र्या-मोसंबीच्या बागा त्याच्या पायाखालच्या. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी लतिकेला माहेरी न्यायचं त्यानं कबूल केलं होतं. ऐनवेळी कुणाच्या विहिरीवरचा पंप बंद पडल्याचा निरोप आला आणि हे निघाले एकटेच पाना-पकडीची पिशवी घेऊन. लतिकेनं गाडीची किल्ली अंगणात भिरकावली. ती गोकर्णाच्या वेलात पडली. गिरिधर कितीतरी वेळ वाकून शोधत होता, आणि मिळाल्यावर कुणाकडं न पाहता निघून गेला. किल्ली फेकली म्हणून उशीर झाला, उशीर झाला म्हणून पळवली, पळवली म्हणून मेला. लतिकेनं हा हिशेब त्याच दिवशी मनात मांडून टाकला आणि पुन्हा कधी खोडला नाही. तिनं स्वतःहून खाली मान घातली ती तशीच राहिली. आई तेवढी तिला एका शब्दानं बोलली नाही. उलट ती म्हणायची, नवराबायकोत किल्ल्या फेकणं चालतेच बाप्पा, त्यानं का कोणी मरते?

आणि आता लतिकेचा भाऊ भैयाजी एक स्थळ घेऊन आला होता. काटोलचे मास्तर, बायको गेलेली, लहान मुलगी एक. आणीबाणी उठून दोन वर्षं झालेली, काळ बदलला असं सगळेच म्हणत होते, नाना आणि आईसुद्धा नाही म्हणाले नाहीत. नाही म्हणत होती ती लतिकाच. परवा कृष्णकांत विहिरीवर दोर ओढत असताना ती मागं येऊन उभी राहिली होती. "भाऊजी, एक काम कराल? तुम्ही ती गाडी चालवून राहिले. एकदा तिचे ब्रेक उघडून पाहा ना. तुमच्या भावानं दोनच दिवस आधी नवे बसवले होते. त्यात काही होतं का, तेवढंच मले सांगा." कृष्णकांतनं विचारलं, काहून? ती म्हणाली, "दादा खांडेनवमीले येऊन राहिला उत्तर घ्याले. माझ्यानंच ते गेले असतील त मी कोणाच्या घरी कोणत्या तोंडानं जाऊ? त्या पोरीच्या डोक्यावरून कोणत्या हातानं फणी फिरवू?" तो हो म्हणाला आणि विसरल्यासारखं केलं. आज चौकानं त्याला आठवण करून दिली.

घरी आल्यावर त्यानं कपडेही बदलले नाहीत. मागच्या अंगणात पोतं अंथरलं आणि पुढचं चाक काढलं. भाऊ हे काम घरीच करायचा. तो ते करताना कृष्णकांत पुस्तक घेऊन जवळ बसायचा, पुस्तक कमी वाचायचा, भावाचे हात जास्त पाहायचा. चाकाच्या पोटात, ड्रममध्ये, दोन अर्धचंद्रासारखे शू असतात, त्यांच्या पाठीवर लायनर, म्हणजे ब्रेकच्या खरखरीत पट्ट्या, ठोकलेले. ब्रेक दाबला की शू फाकतात, लायनर ड्रमला आतून घासतो, चाक थांबतं. लायनर झिजले की गिरिधर जुने रिव्हेट छिन्नीनं उडवायचा, आईच्या खलबत्त्यातला लोखंडी बत्ता उलटा धरून त्यावर नवे रिव्हेट ठोकायचा. आई आतून ओरडायची, आज चटणी कशात कुटू? त्यात रिव्हेटचं डोकं लायनरच्या आत खोल बसवायचं, वर राहू द्यायचं नाही, नाहीतर ते ड्रमला चिरतं. हे तो दर वेळी नव्यानं सांगायचा. कृष्णकांतनं झाकण ओढून काढलं. त्याला वाटलं होतं काहीतरी मोडलेलं दिसेल, एखादी स्प्रिंग निघालेली, लायनर सुटलेला. आत सगळं जिथल्या तिथं होतं. लायनर जाड होते, नवेच. रिव्हेट खोल आणि सरळ, गिरिधरच्या हातचे. फक्त लायनरवर एक पिवळट, चकचकीत साय धरली होती. बोट लावलं तर काचेसारखं घसरत होतं.

त्यानं नखानं ती साय खरवडली. ती सहज निघेना. खिशातल्या चावीनं जोर करून खरवडली तेव्हा थोडा भुगा पडला, आणि त्यानं तो नाकाशी नेला. वास ओळखीचा होता. इतका ओळखीचा की कुठला ते त्याला लगेच आठवेना. स्वयंपाकघरातून आईनं फोडणी टाकल्याचा चर्र आवाज आला, पाठोपाठ तोच वास अंगणात आला. जवसाचं तेल. मग त्यानं शू उन्हाकडं वळवला. रिव्हेटच्या खोल भोकात काहीतरी लाल होतं. काडीनं उकरलं. कुंकू. तो काडीच्या टोकावरच्या त्या लाल कणाकडं पाहत बसला. मग मागचं चाकही उघडून चारही शू काढले. चारांचंही तेच होतं.

खांडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, घरातली हत्यारं पुजायची. आई आदल्या दिवसापासून विळ्या, कुऱ्हाड, कात्री, सगळं घासून ठेवायची आणि पाटावर मांडून एकेकाला हातानं तेल चोळायची. तेल जवसाचंच, कारण जवसाच्या तेलानं लोखंडावर पापुद्रा येतो, वर्षभर गंज चढत नाही. मग कुंकू, मग झेंडूचं फूल. गेल्या वर्षी गिरिधरनं सकाळीच लायनर ठोकून पेपरावर ठेवले होते आणि तो आंघोळीला गेला होता. आईनं ते उचलून पाटावर घेतले. हेही लेकाच्या कामाचंच लोखंड, यानं काय पाप केलं? गिरिधर पंचा गुंडाळून बाहेर आला, पाटाकडं पाहून क्षणभर थबकला, आणि हसून म्हणाला, "आई, आज तू मलेही तेल लावशीन." सगळे हसले. लतिका हसली, नानासुद्धा हसले, कृष्णकांत तर सगळ्यात जास्त हसला. दुपारी घरामागून बराच वेळ खसखस आवाज येत होता. त्यानं खिडकीतून विचारलं होतं, काय करून राहिला गा? "काही नाही. घासून राहिलो थोडं." आता त्या पिवळ्या सायीखाली पॉलिशपेपरच्या आडव्या रेघा दिसत होत्या. पेट्रोलनंही धुतले असतील. पण लायनर एकदा तेल प्याला की ते वरच्या घासण्यानं जात नाही. आत राहतं, आणि गाडी तापली की पाझरत वर येतं. गिरिधरला हे ठाऊक असणारच. पण दुसरे लायनर आणायचे तर सणामुळं दुकानं बंद, आणि आईला काय सांगायचं? तुझ्या पूजेनं माझे लायनर नासले? त्यानं घासले, बरे वाटले, बसवले. गावातल्या गावात धरलेही असतील. आईचं मन राखायला एवढं पुरेसं आहे असं त्याला वाटलं असणार. कृष्णकांतला भावाचा असा राग आला की शू भिंतीवर फेकावासा वाटला. आणि लगेच रडू आलं. ते त्यानं आवाज न करता रडून घेतलं, कारण आई दहा हातांवर होती.

तिनं जेवायला हाक मारली. तो जेवला. तेलाची फोडणी, भाजी, भाकर. आई वाढताना म्हणाली, "काहून गेला नाही आज ऑफिसात? अंग तपते का?" आणि कपाळाला हात लावला. तिचा हात त्याला सहन होईना. घराबाहेर पडावं, कुणाला तरी सांगून टाकावं, असं त्याला वाटलं, पण सांगायचं कुणाला? लतिकेला सांगितलं तर ती सुटेल. तिनं सुटायलाच हवं. वर्षभर ती ज्या ओझ्याखाली वाकली आहे ते तिचं नाहीच. पण ते तिच्यावरून उचललं की ठेवायला जागा एकच, आणि ती जागा आत्ता त्याला आणखी एक भाकर घे म्हणून आग्रह करत होती. सदुसष्ट वर्षांची बाई. ज्या हातांनी लेकाला न्हाऊ घातलं त्याच हातांनी, तेही पूजा करताना. हे कळल्यावर ती किती दिवस जगेल? आणि जगली तर कशी? नाही, आईला हे कळता कामा नये. एक मधला मार्ग होता. मालच खराब होता म्हणायचं, दुकानदाराच्या माथी मारायचं. लतिका सुटते, आई सुटते. पण नाना? नानांनी घराच्या कुंपणाच्या वीतभर जागेसाठी शेजाऱ्याशी कोर्टात भांडण केलेलं. ते दुसऱ्याच दिवशी शू पिशवीत घालून दुकानात उभे राहिले असते, आणि कुठल्याही मिस्त्रीनं एकदा वास घेऊन सांगितलं असतं, यह तो तेल पिया हुआ है. म्हणून त्यानं संध्याकाळी चारही शू फडक्यात बांधले आणि नागनदीत टाकून आला. परतताना बर्डीच्या बाजारातून शूसकट नवे लायनर घेतले. आता खोटं बोलायला मोकळीक होती. फक्त बोलायचं तेवढं राहिलं.

ते राहिलंच. रोज संध्याकाळी लतिका काही ना काही निमित्तानं समोर यायची, विचारायची नाही, नुसती यायची. तो म्हणायचा, वेळ नाही झाला वहिनी, पाहतो. का टाळत होता ते त्याचं त्यालाच धड कळत नव्हतं. नानांची भीती म्हणावी तर पुरावा नदीत होता. मग एक दिवस ती अंगणात वाळलेले कपडे काढत होती, त्याचा सदरा झटकून घडी करत होती, आणि त्याच्या मनात आलं, ही गेल्यावर या घरात कुणाच्या पावलांचा आवाज येईल? नाना, आई, तो. तिघं तीन भिंतींकडं तोंड करून. विचार एवढाच होता, त्यात काही वावगं नव्हतं असं त्यानं स्वतःला बजावलं. पण वावगं नव्हतं तर बजावायचं काय कारण? तो आपल्या खोलीत गेला आणि दार लावून बसला. आपण आतून एवढे हलके आहोत हे त्याला आजवर माहीत नव्हतं.

खांडेनवमीला भैयाजी सकाळच्या एसटीनं आला. ओसरीवर नानांशी पाऊसपाण्याच्या गोष्टी करत बसला. आत आईनं पाट मांडला. गिरिधरची हत्यारं यंदाही तिनंच घासली होती. कृष्णकांतला तिनं समोर बसवून घेतलं होतं, कारण आता हत्यारांना घरातला धनी तोच. ती एकेक पाना उचलायची, तेल चोळायची, खाली ठेवायची. पूजेच्या जागेपासून लांब, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, लतिका येऊन उभी राहिली.

"भाऊजी," ती हळू आवाजात म्हणाली, "दादाले जेवणानंतर सांगायचं हाय. मागं नवे लायनर आणून ठेवले तुम्ही, मी पाह्यले. म्हणजे उघडलं तुम्ही. जुन्यांत काय होतं?"

त्यानं पाठ केलेलं बोलून टाकलं. "खराब होते, वहिनी. मालच खराब होता, दुकानातूनच तसा आला. कोणीही असतं तरी ब्रेक लागला नसता. हळू चालवली असती तरी नसता लागला. किल्लीचा काही संबंध नाही."

लतिकेनं चौकटीला हात टेकला. तिचे खांदे खाली आले. वर्षभरात पहिल्यांदा तिनं पूर्ण मान वर करून त्याच्याकडं पाहिलं, आणि तिचा चेहरा असा आहे हे तो विसरलाच होता असं त्याच्या लक्षात आलं. ही आता जाणार. झालं ते बरं झालं.

"खराब कसे गा?" आई म्हणाली. तिनं हातातली पकड खाली ठेवली. "चांगले कोरे होते. मी हातात घेऊन पाह्यले ना. गेल्या साली याच पाटावर होते, चारही. तेल लावलं त भराभरा पिऊनच टाकून राहिले. मी म्हटलं, तहानले दिसतात बाप्पा. पुन्हा लावलं. तीन डाव लावलं एकेकाले." तिला ते आठवून बरं वाटत होतं. चेहऱ्यावर हसूही होतं. मग ते हसू जागच्या जागी थांबलं. तिनं आपल्या तेलकट बोटांकडं पाहिलं आणि मग त्याच्याकडं. "कृष्णा, त्यांले तेल चालते ना?"

उंबऱ्यात लतिका ताठ झाली. पंपवाल्याची बायको ती. पट्ट्यावर तेल सांडलं की पट्टा घसरतो, चाक फिरतं आणि पाणी येत नाही, हे गिरिधरनं जेवताना शंभरदा सांगितलेलं तिनं ऐकलं होतं. तिला कळलं, आणि कळलेलं कृष्णकांतला दिसलं. ती आईच्या बोटांकडं पाहत होती. मग तिनं त्याच्याकडं पाहिलं. त्या पाहण्यात विनवणी नव्हती, राग नव्हता. ती फक्त थांबली होती.

"चालते ना," तो म्हणाला. "तेलानं काय होते? उलट चांगलं राहते. ब्रेक चांगला होता, आई."

"आत्ता त खराब म्हणे तू."

"वहिनीच्या मनाले बरं वाटावं म्हणून म्हटलं."

आईनं मोठा श्वास सोडला. पदरानं डोळे पुसले, सावकाश, एकेक. "असं खोटं सांगू नये गा कोणाले," ती म्हणाली. पुन्हा पकड उचलली, तेलात बोटं बुडवली, आणि चोळता चोळता, एखादं भांडं मागावं अशा साध्या आवाजात लतिकेला म्हणाली, "मग तुह्या किल्लीनंच घात केला वं माय. मी सालभर तोंडातून काढलं नाही. पण झालं ते तसंच झालं."

"हो, आई," लतिका म्हणाली.

 आईला दूर पडलेला हातोडा उचलता येईना, तर लतिकेनं वाकून तो सरकवून दिला, पाटाला शिवणार नाही असा. मग ओसरीवर गेली. तिचा आवाज आत स्वच्छ ऐकू आला. "दादा, मास्तरांले नाही म्हणून सांग. जेवणापर्यंत काहून थांबायचं त्याच्यासाठी? मी इथंच राहीन." भैयाजी काहीतरी म्हणाला, नाना काहीतरी म्हणाले, तिनं पुन्हा तेच सांगितलं. कृष्णकांत पाटासमोर मांडी घालून बसला होता. इथंच राहीन हे ऐकलं तेव्हा त्याला बरं वाटलं. आधी बरंच वाटलं. लाज, दुःख, आणि पुढच्या सगळ्या वर्षांची भीती, हे सगळं त्यानंतर आलं.